जामदारखान्याची बोली

मोलाची जुनी वस्तू लिलावात हातची निसटणे ही घटना वरवर पाहता एका क्षणात घडते. पुकारणारा अखेरची किंमत तिसऱ्यांदा उच्चारतो, हातोडा मेजावर पडतो, आणि आणखी थोडी रक्कम वाढवावी की नाही या विवंचनेत पडलेल्या गिऱ्हाइकाला, त्याचा विचार पुरा होण्यापूर्वीच, वस्तू दुसऱ्याच्या मालकीची झाल्याचे कळून चुकते. ही हळहळ स्वाभाविक आहे. परंतु एखाद्या मृत धन्याच्या चीजवस्तू विक्रीस निघतात तेव्हा कोणी काय गमावले याचा हिशेब त्या दिवशीच्या बोलीवरून मांडता येत नाही, कारण अशा विक्रीत वस्तूचा मालक तर बदलतोच, पण ती कोणाची, कोठली आणि कोणत्या प्रसंगाची ही तिची ओळखही पुष्कळदा कायमची पुसली जाते. मालक बदललेली वस्तू दोनशे वर्षांनीही परत मिळवता येते. ओळख पुसलेली वस्तू डोळ्यांसमोर ठेवली तरी सापडत नाही. या भेदाचा दाखला भंडारा जिल्ह्याच्या वाचकाने दूर शोधण्याचे कारण नाही, कारण ज्या राजघराण्याच्या अमलाखाली हा मुलूख शंभर वर्षांहून अधिक काळ नांदला, त्याच नागपूरकर भोसल्यांच्या राजवाड्याची चीजवस्तू एके काळी भर बाजारात पुकारली गेली आहे.

भोसल्यांचा जामदारखाना नागपुरात होता, पण तो नागपुरात पिकला नव्हता. वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाच्या बांध्या, त्यांना पाणी पुरवण्यासाठी कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या खपून बांधलेले तलाव, पवनीचे विणकर आणि भंडाऱ्याचे पितळेचे कारागीर यांच्या कष्टातून निघालेला सारा व जकात कमाविसदारांच्या हातून त्या खजिन्यात जमा होत असे. सानगडी, पवनी आणि तुमसरच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी उभा असलेला अंबागड ही ठाणी या वसुलाची आणि बंदोबस्ताची साक्ष आजही देतात. अंबागडाचा उपयोग तर भोसल्यांच्या कारकिर्दीत बंदीखाना म्हणून होत असे. तेव्हा भोसल्यांच्या जवाहिरात जे मोती आणि हिरे होते, त्यांत भंडाऱ्याच्या शेतकऱ्याचाही, नकळत का होईना, एक अंश होता असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक मरण पावले. त्यांनी दत्तक घेतलेला नव्हता, आणि गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांना नेमके एवढेच निमित्त पुरेसे होते. २८ जानेवारी १८५४ च्या आपल्या टिपणात त्यांनी हे राज्य कंपनी सरकारकडे आल्याचा निर्णय नमूद केला आणि त्याच वर्षी, सुमारे ७६,००० चौरस मैलांचा आणि चाळीस लाखांहून अधिक वस्तीचा हा प्रदेश खालसा झाला. हा निर्णय सर्वांना पटला होता असे मात्र नाही. नागपूरचा रेसिडेंट मॅन्सेल याने देशी राज्य काही अटींवर चालू ठेवावे असे मत दिले होते, आणि गव्हर्नर जनरलच्या मंडळातील कर्नल जॉन लो याने खालसा करण्याला लेखी विरोध केला होता. दुसऱ्या रघुजींच्या वृद्ध विधवा बांकाबाई यांनी अर्जविनंत्या केल्या, वकील पाठवले, घराण्याची रीत आणि दत्तकाचा अधिकार पुन्हा पुन्हा मांडला. परंतु त्यांच्या खलित्यांचे उत्तर आधीच ठरून गेलेले होते.

राज्य गेले की राजवाड्यातील जिन्नस कोणाचे, हा प्रश्न त्यानंतर उपस्थित झाला, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. विधवा राण्यांचे म्हणणे असे की दागदागिने, जनावरे, तंबू, शस्त्रे ही घराण्याची खासगी मिळकत असून राज्याच्या मालकीशी तिचा संबंध नाही. कंपनी सरकारची भूमिका अशी की ही संपत्ती राज्याच्या वसुलातून साठलेली असल्यामुळे ती राण्यांच्या मर्जीवर सोपवणे इष्ट नाही. तिची विक्री करून येणाऱ्या रकमेतून भोसले घराण्याच्या निर्वाहासाठी एक निधी उभारावा. कागदावर हा युक्तिवाद सालस दिसतो. धनकोच्या तगाद्यापायी ऋणकोची भांडीकुंडी विकायला काढणाऱ्या न्यायालयीन बेलिफाचाही युक्तिवाद कागदावर सालसच असतो. प्रत्यक्षात मात्र जे घडले ते पाहून त्या काळच्या कित्येक इंग्रज लेखकांनाही संकोच वाटला, आणि १८५७ च्या उठावाचा इतिहास लिहिताना जॉन के याने नागपूरच्या राजवाड्याची ही धूळधाण असंतोषाच्या कारणांमध्ये नोंदवून ठेवली.

विक्री दोन ठिकाणी झाली. फीलखान्यातील हत्ती, पागेतील घोडे, उंट आणि बैल नागपुरातच सीताबर्डीला जाहीर लिलावात पुकारले गेले आणि मातीमोल किमतीला गेले. जवाहीर कलकत्त्यास रवाना झाले व तेथे हॅमिल्टन आणि कंपनी या नामांकित इंग्रज जवाहिऱ्यांच्या पेढीमार्फत १८५५ मध्ये विक्रीस निघाले. ज्या सीताबर्डीच्या टेकडीवर २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी भोसल्यांच्या फौजेने कंपनीच्या पलटणीशी झुंज दिली, तिच्याच परिसरात चाळीस वर्षांच्या आत दसऱ्याच्या स्वारीत मिरवलेले हत्ती दात आणि उंची पाहून विकले जावेत, हा दैवदुर्विलास बघ्यांच्या ध्यानात आल्यावाचून राहिला नसेल.

येथे क्षणभर थांबून लिलावाच्या रीतीकडे पाहिले पाहिजे. विकणाऱ्याच्या सोयीसाठी लिलावात मालाची प्रतवारी होते: हत्ती हत्तींत, बैल बैलांत, हिरे हिऱ्यांत आणि पाचू पाचूंत. घरात मात्र वस्तू अशा जातवार नांदत नसतात. अमुक सरपेच अमुक तहाच्या वेळी मिळाला, अमुक कंठा अमुक सुनेच्या अंगावर घालण्यासाठी घडवला, अमुक हत्ती अमुक मोहिमेत निशाण घेऊन चालला, अशा संबंधांनी त्या एकमेकींशी आणि माणसांशी जोडलेल्या असतात, आणि तो संबंध जामदारखान्याच्या कारकुनाच्या फेरिस्तीत किंवा वृद्ध दासीच्या स्मरणात जतन झालेला असतो. प्रतवारी होताच ते धागे तुटतात. कलकत्त्याच्या खरेदीदाराला हिऱ्याचे वजन, पाणी आणि दोष एवढेच हवे होते. कोंदण मोडून खडा निराळा काढणे आणि सोने वितळवणे हे त्याच्या धंद्याच्या दृष्टीने अगदी सरळ काम होते. त्यामुळेच नागपूरच्या त्या जवाहिरातील खडे आज जगातील अनेक अंगठ्यांत आणि हारांत चमकत असले, तरी अमुक एक खडा भोसल्यांचा म्हणून बोट ठेवून दाखवणे जवळजवळ अशक्य झाले आहे. लिलावात हरणे म्हणजे काय, याचा खरा अर्थ हा आहे.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या एका रत्नाची हकीकत याच्याशी ताडून पाहण्यासारखी आहे. त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाशी ज्याचा संबंध सांगतात तो नाशिकचा हिरा १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाकडून कंपनीच्या हाती लागला, लंडनला पोहोचला आणि दख्खनच्या लुटीच्या वाटणीपोटी १८३७ मध्ये लिलावात निघून ७,२०० पौंडांना गेला. मूळचे त्याचे वजन सुमारे ८९ कॅरट होते. नंतरच्या मालकांनी तो पुन्हा पुन्हा कापला, त्याला पैलू पाडले, आणि आता तो ४३ कॅरटांच्या आसपास राहिला आहे. म्हणजे हिऱ्याचे नाव टिकले, पण अर्धा हिरा गेला. नागपूरच्या रत्नांचे नावही टिकले नाही.

तथापि याच घराण्याची एक वस्तू अशी निघाली की जी लिलावाच्याच वाटेने परत आली. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज या लिलावगृहाने एक तलवार विक्रीस ठेवली. तिचे पाते सरळ, एकधारी आणि युरोपीय बनावटीचे. अशा परदेशी पात्याच्या तलवारीला मराठी फौजेत फिरंग म्हणत आणि तिची मातब्बरी मोठी असे. मूठ मराठी घाटाची, तिच्यावर सोन्याचे नक्षीकाम. पण या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पात्याच्या पाठीवर, मुठीच्या लगत, सोन्याच्या अक्षरांत देवनागरीत कोरलेला एक लहानसा लेख: ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’. मध्ययुगातील बहुसंख्य शस्त्रे अनामिक असतात. घडवणाऱ्याचेही नाव नसते आणि बाळगणाऱ्याचेही नसते. येथे मात्र नाव आहे, हुद्दा आहे आणि शस्त्राची जातही आहे. सेनासाहेबसुभा हे पद सातारच्या शाहू छत्रपतींनी दिलेले. ते धारण करणाऱ्या पहिल्या रघुजींनी १७४० मध्ये दमलचेरीच्या खिंडीत अर्काटचा नवाब दोस्त अली याचा पराभव केला, पुढे बंगालवर स्वाऱ्या केल्या आणि १७५१ च्या तहाने ओरिसा प्रांत व बंगालच्या चौथाईपोटी सालीना बारा लक्ष रुपये मिळवले. १७५५ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या घराण्याची ही तलवार सीताबर्डीच्या लढाईनंतरच्या लुटालुटीत किंवा राज्य खालसा झाल्यानंतरच्या धामधुमीत देशाबाहेर गेली असावी, असा पुरातत्त्वज्ञांचा तर्क आहे.

लिलाव अगदी तोंडावर आला असताना ही वार्ता महाराष्ट्रात पसरली, आणि सरकारी कारभाराची ज्याला थोडीबहुत माहिती आहे त्याला अशा वेळी काय होण्याचा संभव अधिक असतो हे सांगावयास नको. सरकारी खर्चाला मंजुरी लागते, मंजुरीला प्रस्ताव लागतो, प्रस्तावाला लेखाशीर्ष लागते, आणि लिलावाचा हातोडा यांपैकी कशासाठीही खोळंबत नाही. शिवाय सरकार स्वतः बोली लावत आहे असे कळले तर प्रतिस्पर्धी किंमत चढवतात, हाही एक धोका असतोच. या वेळी मात्र मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या सूचनेवरून सांस्कृतिक कार्य विभागाने तातडीने हालचाल केली, मध्यस्थाच्या नावे बोली लावली गेली आणि तलवार राज्याच्या पदरात पडली. लिलावगृहाने तिची अंदाजी किंमत ६,००० ते ८,००० पौंड ठरवली होती. कमिशन धरून ती ३८,१०० पौंडांना गेली, आणि वाहतूक, विमा इत्यादी खर्चासह राज्याला सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये मोजावे लागले. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सांस्कृतिक कार्यमंत्री आशिष शेलार यांनी लंडनमध्ये तिचा ताबा घेतला आणि १८ ऑगस्टला ती मुंबईस पोहोचली.

अंदाजाच्या जवळजवळ पाचपट किंमत का आली, हे समजून घेतले तर लिलावाचे अर्थशास्त्र उलगडते. त्या तलवारीतील पोलादाची आणि सोन्याची किंमत या रकमेचा एक क्षुल्लक अंश असेल. उरलेली सर्व किंमत त्या एका ओळीची आहे. तो लेख नसता तर अठराव्या शतकातील एक देखणी दख्खनी तलवार, एवढ्याच वर्णनावर ती एखाद्या खासगी संग्रहात गेली असती, आणि तिच्यावाचून महाराष्ट्राचे काही अडले आहे असे कोणाला वाटलेही नसते. लेखामुळे ती ओळखली गेली. ओळखली गेली म्हणून वार्ता झाली. वार्ता झाली म्हणून सरकार जागे झाले. टिपू सुलतानाच्या शयनगृहातील तलवारीलाही मे २०२३ मध्ये लंडनच्या बोनहॅम्स लिलावगृहात १ कोटी ४० लाख पौंडांहून अधिक किंमत आली, ती याच न्यायाने. ती कोणाची आणि कोठे सापडली याचा पुरावा तिच्यासोबत अखंड चालत आला होता. एवढी रक्कम कोणत्याही राज्याच्या संग्रहालय खात्याला परवडणारी नाही हेही तितकेच खरे, आणि म्हणून पुरावा जपणे ही गोष्ट दुधारी ठरते: त्याने वस्तू ओळखू येते आणि त्यानेच ती महाग होते. पण महाग वस्तू निदान शोधता तरी येते.

आता भंडाऱ्याकडे वळावे. येथे लंडनसारखी लिलावगृहे नाहीत, परंतु मृत धन्याच्या चीजवस्तूंची विक्री येथेही चालत आली आहे, आणि तिची रीत अधिक निष्ठुर आहे. मध्यप्रांतातील मालगुजारी १९५१ मध्ये संपुष्टात आली. ज्या वाड्यांचा खर्च गावाच्या वसुलावर चालत असे त्यांचे उत्पन्न आटले, पुढच्या पिढ्या नोकरीसाठी नागपूर, पुणे, मुंबईला गेल्या, आणि वाटणीचा प्रसंग आला की वाड्यातील जिन्नसांचे काय करावे हा प्रश्न उरला. सागवानी खांब आणि कोरीव चौकटी लाकूड म्हणून विकल्या जातात. कागद रद्दीत जातात. आणि पितळ? भंडारा हे पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले शहर. गावाच्या नावाचा संबंधही काही जण पितळेच्या ताटाशी, म्हणजे भाण्याशी, लावतात. तेथील कासाराच्या दुकानात नव्या भांड्याच्या बदल्यात जुने भांडे मोडीत देण्याची चाल पूर्वापार आहे. तराजू एका बाजूला झुकतो, दर सांगितला जातो, वजनातून घट वजा होते आणि जुना हंडा, परात, समई किंवा गंगाळ मोडीच्या ढिगात पडते.

असे एखादे जुने भांडे मोडीत देण्यापूर्वी हातात घेऊन उजेडात फिरवून पाहावे. गळ्याच्या खाली, काठाच्या आतल्या बाजूस किंवा बुडावर बारीक छिन्नीने ठोक्याठोक्याने उठवलेली अक्षरे दिसतात: देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, गाव, कधी लग्नाचा शक आणि तिथी. घासून घासून काही ठिपके झिजलेले असतात, तरी बोट फिरवले की अक्षराचे वळण लागते. ज्या मुलीच्या लग्नात ते आंदण दिले गेले तिच्याविषयी दुसरा कोणताही लेखी पुरावा बहुधा जगात उरलेला नसतो. लंडनच्या तलवारीची किंमत एका लेखाने पाचपट झाली. येथे लेखाला घटीइतकेही मोल मिळत नाही, आणि भट्टीत गेल्यावर तो वाचण्याची संधी कोणत्याही पिढीला पुन्हा मिळत नाही. लिलावात दुसऱ्याने नेलेली वस्तू निदान वस्तू म्हणून राहते, हा विचार येथे आठवला म्हणजे लिलावाविषयीचा आपला राग थोडा निवळतो.

ज्या वस्तूंची वेळीच नोंद झाली त्यांचे नशीब निराळे निघाले, याची उदाहरणेही याच जिल्ह्यात आहेत. पवनीच्या परिसरात १९६९-७० मध्ये झालेल्या उत्खननात जगन्नाथ टेकडीचा प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला, कठड्याच्या खांबांवरील दानलेख वाचले गेले, आणि शेतांतून इतस्ततः विखुरलेले दगड एकाएकी दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या नावांनी बोलू लागले. पवनीलाच मिळालेल्या शिलालेखांतून महाक्षत्रप रूपिअम्म आणि भार राजा भगदत्त ही नावे विदर्भाच्या इतिहासात आली. हे दगड कोणी पायरीला किंवा धुण्याच्या जागेला लावले असते तर त्यांची किंमत घनफुटावर ठरली असती.

कायद्याने या बाबतीत काय सांगितले आहे तेही वाचकाला ठाऊक असावे. १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी अधिनियम ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू, आणि हस्तलिखित असल्यास पंचाहत्तर वर्षांहून जुने, पुरावस्तू ठरते. ती घरात बाळगण्यास मनाई नाही. परंतु खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही, पुरावस्तूंचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही, आणि मूर्ती, चित्रे, सचित्र पोथ्या अशा अधिसूचित प्रकारांची नोंदणी करावी लागते. जमिनीत पुरलेले धन सापडल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे, त्याची किंमत दहा रुपयांहून अधिक असली की, जिल्हाधिकाऱ्यांना वर्दी देणे बंधनकारक आहे. आणि वर्दी दिली म्हणजे शोधणाऱ्याचा हक्क बुडतो ही प्रचलित समजूत चुकीची आहे, कारण वर्दी देणाऱ्याच्या हिश्शाची तरतूद त्याच कायद्यात आहे. हक्क बुडतो तो लपवणाऱ्याचा.

कायदा निर्गमनाला आळा घालू शकतो; ओळख मात्र घरच्यांनीच राखावी लागते. म्हणून ज्या कुटुंबात वाटणीचा, वाडा पाडण्याचा किंवा जुना संसार मोडण्याचा प्रसंग जवळ आला असेल त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते की भाव विचारण्याआधी मोजदाद करावी. प्रत्येक जिनसाचे छायाचित्र घ्यावे, त्यावरील अक्षरे जशीच्या तशी उतरवून घ्यावीत, घरातील सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसून ती वस्तू कोणाकडून, कोणत्या निमित्ताने आली हे लिहून काढावे, आणि मोडी लिपीतील कागद असल्यास ते वाचू शकणाऱ्याला दाखवल्याशिवाय रद्दीत घालू नयेत. काही विशेष आढळल्यास नागपूरच्या १८६३ पासूनच्या मध्यवर्ती संग्रहालयाचे दार जवळच आहे. त्यानंतर वस्तू ठेवावी की विकावी हा ज्याच्या त्याच्या ऐपतीचा आणि मर्जीचा प्रश्न आहे, आणि विकणाऱ्याला दोष देण्याचे काही कारण नाही. भोसल्यांचे हत्ती, हिरे आणि तलवार ही तिन्ही त्यांच्या हातून गेली. त्यांतली तलवार तेवढी परत आली, कारण तिच्यावर तिच्या धन्याचे नाव लिहिलेले होते.